चाल कुठलीही चालते, शब्द मात्र इथलेच हवेत: एआयवर जुन्या वळणाची डच गाणी

मी सध्या डच गाणी बनवते. म्हणजे गात नाही, गातं ते एआय टूल. मी शब्द लिहिते, कसं हवंय ते सांगते, आलेलं ऐकते, नाक मुरडते आणि परत करायला लावते. आणि आज रेडिओवर लागतात तशी नाही हां, जुन्या वळणाची, सत्तर-ऐंशीच्या दशकातली वाटावीत अशी, अकॉर्डियनवाली, थोडी रडकी, शेवटच्या ध्रुवपदाला पट्टी अर्ध्या सुराने वर चढवणारी. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला येऊन बरीच वर्षं झाली, भाषेची परीक्षा कधीच देऊन झाली, पण ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं त्यामुळे डच गंजत चाललं होतं, म्हणून गाण्यांचे शब्द वाचायला घेतले आणि तिथून हे खूळ डोक्यात शिरलं ते शिरलंच.

लोक विचारतात, तुझं बालपण काही इथे गेलेलं नाही, मग तुला कसला आलाय इथला नॉस्टॅल्जिया? प्रश्न रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर मला या गाण्यांच्या इतिहासातच सापडलं, त्यामुळे आधी ते सांगते, टूलचं पुराण नंतर.

इथे लेव्हन्सलीड नावाचा प्रकार आहे. साध्या माणसाच्या आयुष्यावरचं गाणं. दारू, गरिबी, आई, सोडून गेलेली बायको, समुद्रावरून न परतलेला मुलगा, असलं सगळं. जरा जास्तच रडकं झालं की त्याला स्मार्टलाप म्हणतात आणि म्हणताना हसतात, पण कॅफेत तेच गाणं लागलं की हीच हसणारी मंडळी ग्लास वर करून बेंबीच्या देठापासून गातात. पन्नासच्या दशकात अ‍ॅमस्टरडॅमच्या योर्दान वस्तीतून जॉनी योर्दान आणि तान्ते लेन पुढे आले, मग मेरी सेर्व्हास आल्या ज्या 'झांगरेस झोंडर नाम', बिननावाची गायिका, याच नावाने गायच्या, आणि मग आन्द्रे हाझेस. हा डे पाइप वस्तीतला, १९५१ चा जन्म, आवाज असा की सिगारेट आणि बिअर त्यातच मुरलेली. २००४ मध्ये तो गेला तेव्हा शवपेटी अ‍ॅमस्टरडॅमच्या फुटबॉल स्टेडियमात मैदानाच्या मधोमध ठेवून त्याला निरोप दिला होता, स्टेडियम भरलेलं. एका कॅफे-गायकाला.

आता गंमत बघा. हाझेसच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यांपैकी एक, १९८१ चं 'झै खेलोफ्ट इन मै', ते केनी रॉजर्सच्या अमेरिकन गाण्यावरून घेतलेलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या ट्युलिपवालं ते गाणं, जे ऐकून टुरिस्ट लोकांना वाटतं की याहून डच काही नाही, ते मूळ जर्मन. आणि सगळ्यावर कडी म्हणजे विम सॉनेव्हेल्ड या गायकाचं 'हेट डॉर्प', म्हणजे गाव. गाव बदललं, जुनं ते गेलं, अशा आठवणीचं डच गाणं सांगा म्हटलं की दहातले नऊ जण हेच सांगतील. त्याची चाल ज्याँ फेरा या फ्रेंच गायकाच्या १९६४ च्या 'ला मॉन्तान्य' ची आहे! तिकडे ते डोंगरातली खेडी सोडून शहरात गेलेल्यांचं गाणं होतं, फ्रिसो विगर्स्मानी त्यावर डच शब्द लिहिले आणि लिहिताना डोळ्यासमोर ठेवलं स्वतःचं गाव ड्यर्न, जे माझ्या घरापासून ट्रेनने जवळच आहे.

मग हे गाणं डच कशामुळे झालं? शब्दांमुळे. एक जुनं पोस्टकार्ड, त्यावर चर्च, घोडागाडी, खाटकाचं दुकान आणि त्या दुकानावर चक्क मालकाचं नाव. 'एक दुकान' नाही, अमक्याचं दुकान. चाल परकी असून सुद्धा गाणं अस्सल, कारण पोस्टकार्डावर जे आहे ते नेमकं आहे. हे कळलं आणि माझ्या मनातली मोठी अडचणच गेली. इथे चाल बाहेरून आणायची परंपराच आहे, मग ती मशीनने दिली तर आभाळ कोसळत नाही. शब्द मशीनकडून घेतले की मात्र गाणं कोसळतं, आणि का कोसळतं तेच मला या पोस्टमध्ये सांगायचंय.

मुद्दामच एकदा टूलला सगळं करायला सांगितलं, शब्द, चाल, आवाज, सगळं. विषय दिला १९७४ चा उन्हाळा, दक्षिणेतलं एक लहान शहर, तरुण मुलगा. जे आलं ते ऐकायला इतकं छान होतं की पहिल्या कडव्यापर्यंत मी खुश, आणि मग शब्द नीट ऐकले. रात्रीची शांतता, तुझी हळुवार शक्ती, आठवणी नाचतात, सावल्या कुजबुजतात, प्रतिध्वनी येतो. डचमध्ये नाख्त, क्राख्त, प्राख्त, लाख्त या चौघांचा यमकाचा कायमचा संसार आहे, रात्र, शक्ती, वैभव, हसतो, आणि टूल त्याच चौघांना आळीपाळीने उभं करतं. दुसऱ्या कडव्यात कालवे, पवनचक्क्या आणि ट्युलिप. अरे बाबा, ब्राबांटमधला, म्हणजे आमच्या या दक्षिणेकडच्या प्रांतातला, फॅक्टरीत जाणारा मुलगा ट्युलिप आठवून का रडेल? ट्युलिपची शेतं आहेत तिकडे वर हॉलंडच्या किनारपट्टीला आणि पोल्डरमध्ये, म्हणजे पाणी हटवून केलेल्या जमिनीत. आणि तिसऱ्या कडव्यात पोराने कॅफेत युरो मोजले. १९७४ मध्ये. युरोच्या नोटा-नाणी आली १ जानेवारी २००२ ला, त्याआधी गुल्डन होते, आणि जुन्या डच माणसाचा अर्धा नॉस्टॅल्जिया तर त्या नाण्यांतच अडकलाय, पाच सेंटचा स्टाऊव्हर, दहाचं दुबल्त्ये, पंचवीसचं क्वार्त्ये, अडीच गुल्डनचा रैक्सडालडर. नाण्यांना लाडाची नावं असलेल्या देशात तुम्ही 'युरो' लिहून मोकळे होता म्हणजे काय.

तर शब्द आपले आपणच लिहायचे. पण आपले म्हणजे माझे नाही ना, मी कुठे होते तेव्हा. इथे माझ्या मदतीला आले शेजारचे आजोबा. सत्तरी ओलांडलेले, सगळी नोकरी फिलिप्समध्ये, स्ट्रैप-एस च्या कारखान्यात. आज तिथे कॅफे आणि लॉफ्ट झालेत, पण तेव्हा त्या भागाला लोक निषिद्ध शहर म्हणायचे कारण कामगार सोडून कोणालाच आत प्रवेश नव्हता. आजोबांना मी हे एआयचं सांगितलं तेव्हा त्यांनी भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "म्हणजे गाणाराच नाही? मग दारू कोण पितं?" या एका वाक्यात लेव्हन्सलीडची सगळी व्याख्या आली असं माझं मत आहे.

पण नंतर ते गुंतलेच. रेडिओ व्हेरोनिकाचा विषय त्यांनीच दिला. माहीत नसेल तर सांगते, १९६० पासून डच किनाऱ्यासमोर, हद्दीबाहेरच्या समुद्रात एका जहाजावरून हे पायरेट रेडिओ स्टेशन चालायचं. सरकारी रेडिओवर पॉप नव्हतंच फारसं, त्यामुळे अख्खी एक पिढी या जहाजावर वाढली, आणि डच टॉप ४० ही यादी सुद्धा यांनीच २ जानेवारी १९६५ ला सुरू केली. आधी १९२ मीटरच्या तरंगलांबीवर लागायचं, मग १९७२ च्या सप्टेंबरअखेर ५३८ मीटरवर गेलं (आजचं रेडिओ ५३८ हे नाव तिथूनच आलंय). शेवटी कायदा आला आणि ३१ ऑगस्ट १९७४ ला संध्याकाळी सहाला स्टेशन बंद. आजोबा म्हणाले, शनिवार होता, कारखान्याला सुट्टी, मी मागच्या शेडमध्ये मोपेडचं कार्ब्युरेटर उघडून बसलो होतो, हात तेलाने भरलेले, ट्रान्झिस्टर खिळ्याला टांगलेला. सहा वाजले, बंद झालं, आणि मला रेडिओचं बटण फिरवायला हातच लावता येईना कारण हात बरबटलेले, म्हणून ती खरखर तशीच चालू राहिली, किती वेळ तरी.

घ्या! आता सांगा, हे कुठलं टूल देणार होतं? 'रेडिओ शांत झाला, माझं हृदय तुटलं' इथपर्यंत ते येईल. तेलाचे हात आणि बंद न करता आलेली खरखर तिथे असलेल्या माणसाकडेच मिळते. मी बाकी काही केलं नाही, ते यमकात बसवलं. त्यातही मदत झाली कारण इथल्या लोकांना यमक जुळवायची सवय असते. ५ डिसेंबरला सिंटरक्लासच्या संध्याकाळी भेटवस्तूबरोबर एकमेकांवर कविता लिहायची पद्धत आहे, चिमटे काढणाऱ्या, ओबडधोबड पण यमक पक्कं, आणि हे लहानपणापासून चालू असतं, त्यामुळे ज्याने आयुष्यात कवितेचं पुस्तक उघडलं नाही तो सुद्धा दोन मिनिटांत चार ओळी जुळवतो. आजोबांनी माझी एक ओळ दुरुस्त केली ती अशी: 'एन क्वार्त्ये इन द जूकबॉक्स, एन यै केक नार द क्लॉक'. जूकबॉक्समध्ये एक क्वार्त्ये टाकलं आणि तू घड्याळाकडे बघितलंस. मी तिथे 'तू दूर गेलीस' असलं काहीतरी लिहिलं होतं. घड्याळाकडे बघणारी मुलगी दूर जाणारच आहे, ते वेगळं कशाला सांगायचं.

आणखी एक गोष्ट त्यांनीच पकडली. एका गाण्यात मुलगा वडिलांशी बोलतो, आणि मी दिलेल्या शब्दांवर टूलने स्वतःहून दोन ओळी वाढवल्या होत्या, त्यात मुलगा वडिलांना एकदा 'ऊ' म्हणतो आणि पुढच्याच ओळीत 'यै'. म्हणजे बाबा तुम्ही, बाबा तू, बाबा तुम्ही. आजोबा म्हणाले, "अगं, आमच्या घरात वडिलांना 'यै' म्हटलं असतं तर रात्री जेवण मिळालं नसतं." आजची मुलं वडिलांना सर्रास 'यै' म्हणतात, पण गाण्याचं साल जुनं असेल तर हा एकच शब्द सगळं उघडं पाडतो. आपल्याला हे पटकन कळतं खरं तर, अहो बाबा आणि अरे बाबा मधलं अंतर आपल्या कानाला आहेच.

आता उच्चार. इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळ्यात जास्त वेळ याच्यातच जातो.

पहिली कटकट इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांची. डचमध्ये असे शब्द ढिगाने आहेत. 'दी' म्हणजे तो किंवा ती, पण स्पेलिंग इंग्रजीतल्या मरण्यासारखं, मग प्रेमगीतात मधेच गायक 'डाय' म्हणून मोकळा. 'ओव्हर', 'ऑफ', 'वास', सगळ्यांची तीच तऱ्हा. शब्द एकटा ओळीच्या सुरुवातीला आला की हमखास घसरतो, आजूबाजूला अस्सल डच शब्द असले की सांभाळला जातो, म्हणून मी अशी ओळ उलटीपालटी करते. दुसरं म्हणजे शब्दाच्या शेवटचा 'ड'. लिहितात ड, म्हणतात त. लँड नाही लान्त, हँड नाही हान्त, वेळेला तैत. टूल बऱ्याचदा तिथे स्पष्ट ड लावतं आणि एकदम शाळेतल्या मुलाने वाचल्यासारखं वाटतं. शेवटी 'न' असलेली क्रियापदं पण तशीच, लोपन लिहायचं आणि लोपं म्हणायचं, निदान पश्चिमेकडे आणि इथे आमच्याकडे तरी. आकडे आकड्यात लिहायचेच नाहीत, १९७४ असं दिलं की गायक इंग्रजीत सुरू होतो. अक्षरात लिहायचं, नेखनतीन-फीर-एन-झेव्हन्तख. चार आधी आणि सत्तर नंतर, आपल्या चौऱ्याहत्तरसारखंच, त्यामुळे मला एरवीही डच आकडे इंग्रजाळलेल्या मित्रमंडळींपेक्षा लवकर जमले.

मग येतो घशातला 'ख'. उत्तरेत आणि अ‍ॅमस्टरडॅमकडे तो खरखरीत असतो, इथे ब्राबांट-लिम्बर्गमध्ये मऊ, जवळजवळ हवेसारखा. गाणं आइंडहोव्हनच्या पोराचं आणि ख मात्र राजधानीचा, असं झालं की आजोबा पहिल्या ओळीलाच विचारतात, "हा कुठला?" स्टाइलच्या रकान्यात 'ब्राबांटी उच्चार, मऊ ख' लिहून बघते, कधी लागतं कधी नाही. कधी तर गायक सरकत सरकत जर्मनीत जातो, कधी आफ्रिकान्समध्ये.

पण काळ ठरवणारं खरं अक्षर म्हणजे 'र'. हे मला जुन्या रेकॉर्डी सलग ऐकल्यावर कळलं. त्या काळचे गायक र जिभेच्या टोकाने खणखणीत वाजवतात, रेडिओवरच्या निवेदकांसारखा. आज शब्दाच्या शेवटी जो अमेरिकन वळणाचा गोल र ऐकू येतो त्याला इथे खोईचा र म्हणतात, खोई म्हणजे हिल्व्हर्समच्या आसपासचा भाग, जिथे रेडिओ-टीव्हीचे स्टुडिओ आहेत. टूलने शिकलेलं बरंचसं आजचं, त्यामुळे ते तोच गोल र लावतं. मागे अकॉर्डियन आहे, टेपची खरखर आहे, व्हायोलिन आहे, सगळं सत्तरचं, आणि मधे हा र. ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही पण 'नवीन वाटतंय' एवढं तो म्हणतोच. उपाय म्हणजे आवाजाचं वर्णन करताना वय वाढवायचं, साठीचा पुरुष, बॅरिटोन, थिएटरमधल्यासारखे स्पष्ट उच्चार, आणि शेवटी र येणारे शब्द लांब सुरावर टाकायचे नाहीत. छोट्या सुरावर र चटकन निघून जातो.

गायकीचंही तेच. टूलला मोकळं सोडलं की प्रत्येक शब्दावर हरकत, मुरकी, श्वास, कुजबुज. ही आजच्या पॉपची सवय आहे. जुने डच गायक सूर सरळ लावायचे, शब्द आधी, दागिने नंतर, आणि हाझेससारखा माणूस दागिने घालायचा ते गळा भरून आल्यावरच. मी 'सरळ गायकी, कमी कंपन, श्वासाचा आवाज नको' असं लिहिते. ठेक्याशी पण भांडण आहे. योर्दानच्या गाण्यांत तीनचा वॉल्ट्झ फार असतो, आपल्या दादऱ्याच्या अंगाने जाणारा, डुलत डुलत गायचा. टूलला वॉल्ट्झ सांगा, पहिलं कडवं तीनमध्ये गाईल, आणि ध्रुवपदाला जोर यायला लागला की हळूच चारवर येऊन उभं. यावर मला सापडलेला मार्ग म्हणजे शब्दच असे लिहायचे की चारमध्ये बसणारच नाहीत, प्रत्येक ओळीत जोर, हलकं, हलकं, जोर, हलकं, हलकं. छंद पक्का असला की मशीन मुकाट ऐकतं. वृत्तात लिहायची शाळेतली घोकंपट्टी अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकाचं काम त्या मानाने सोपं आहे म्हणून पटकन सांगते. तेव्हाची लाट म्हणजे नेदरपॉप, डच भाषेतच गाणारे तरुण बँड, सगळ्यात मोठा डू मार, स्का आणि रेगेचा ठेका, बेकारी आणि अणुबॉम्बची भीती असले विषय, मुली किंचाळायच्या, आणि १९८४ मध्ये ऐन भरात असताना बँड मोडला. सिंथ, ड्रम मशीन, कोरडा गिटार सांगितलं की टूल ते बरोबर देतं. शब्दांत मात्र इथे रडकेपणा चालत नाही, खांदे उडवून बोलल्यासारखं हवं. आणि टूलला खांदे उडवता येत नाहीत, ते प्रत्येक ओळ मनापासूनच गातं, हीच पंचाईत.

नुसतं ऐकून कान तयार करायचा असेल तर नाताळ ते ३१ डिसेंबर रेडिओ २ वर टॉप २००० लावून ठेवा. १९९९ पासून चालू आहे, लोकांच्या मतांवरून दोन हजार गाणी, दिवसरात्र, अख्खा देश ऐकत असतो. बहुतेक वर्षी पहिला नंबर क्वीनचाच, पण २००५ मध्ये बाउडेवाइन द ख्रोटच्या 'आव्होंत' या डच गाण्याने तो हिसकावला होता. वही घेऊन बसा आणि कुठल्या गाण्यात कुठली वस्तू येते तेवढंच लिहा. माझ्या वहीत प्रेम, हृदय वगैरे एकदाही लिहिलेलं नाही, पण पाऊस, सायकल, स्टेशन, कॉफी, आईचा एप्रन यांनी पानं भरलीत.

गाणं तयार झालं की मी ते खराब करते. म्हणजे स्वच्छपणा काढते. टूलमधून बाहेर पडलेला आवाज धुऊन इस्त्री केलेल्या शर्टासारखा असतो, कुठे सुरकुती नाही. वाद्यं वेगळी करून घ्यायची सोय बऱ्याच टूल्समध्ये आहे, ती घेऊन ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची, सगळं मोनो करायचं, व्हेरोनिकासारखं मिडियम वेव्हवरचं वाटायला हवं असेल तर वरचे सूर सरळ कापून टाकायचे, साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास काहीच ठेवायचं नाही. कॅसेटसारखं हवं असेल तर वेगात अगदी बारीक डगमग. कॅसेट हे प्रकरण पण फिलिप्सचंच बरं का, १९६३ मध्ये आणलं, त्यामुळे आजोबांसमोर टेपच्या खरखरीबद्दल बोलताना जपून बोलावं लागतं, "आमच्या टेपा इतक्या वाईट नव्हत्या." आणि लांबी! टूल शेवट करायलाच तयार नसतं, व्हायोलिन वाजतच राहतं. पंचेचाळीस आरपीएमच्या सिंगलवर गाणं साधारण तीन मिनिटांत आटपायचं, म्हणून मीही निर्दयपणे कापते. कापल्यावर बहुतेक वेळा गाणं सुधारतं.

हक्कांचं थोडक्यात. जून २०२४ मध्ये अमेरिकेत मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआयने गाणी बनवून देणाऱ्या कंपन्यांवर खटले भरले, आरोप असा की परवानगी न घेता गाणी वापरून मॉडेल शिकवलं, जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीतली गेमा ही संगीतकारांची संस्था सुनोविरुद्ध कोर्टात गेली, नंतर काही कंपन्यांनी तडजोडीही केल्या. हे सगळं वाचून मला अस्वस्थ वाटतं आणि वाटायलाच हवं, कारण ज्या कॅफे-गायकांच्या घशाचं मी इतकं कौतुक करते त्यांच्यासारख्यांच्याच आवाजावर हे मशीन पोसलेलं असू शकतं. म्हणून माझे नियम कडक आहेत. कुठल्याही खऱ्या गायकाचा आवाज क्लोन करायचा नाही, स्टाइलमध्ये त्याचं नाव घालायचं नाही, जुन्या गाण्याची ओळ उचलायची नाही (लेखक गेल्यावर सत्तर वर्षं हक्क राहतो, म्हणजे यातलं जवळपास सगळंच अजून कोणाच्या तरी मालकीचं आहे), पैसे घ्यायचे नाहीत आणि कुठेही टाकलं तर एआय असं ठळक लिहायचं. युरोपातल्या कायद्यात हक्क मिळतो तो माणसाच्या स्वतःच्या निर्मितीला, मशीनने आपोआप दिलेल्या सुराला नाही, त्यामुळे या गाण्यांत माझं म्हणता येईल असं काही असेल तर ते शब्दच. आणि त्यातला कार्ब्युरेटर आजोबांचा.

सध्या तेच व्हेरोनिकाचं गाणं एका स्मार्टलाप क्वायरला दाखवलंय. असे हौशी क्वायर इथे गावोगावी आहेत, आठवड्यातून एकदा जमायचं, रडकी गाणी हसत गायची आणि मग बार. त्यांच्या अकॉर्डियनवाल्या बाईंनी ऐकलं, शब्द आवडले म्हणाल्या, तेलाच्या हातांच्या ओळीला मागे वळून बाकीच्यांकडे बघितलं, आणि मग स्पष्टच सांगितलं की ही पट्टी कोणालाच झेपणार नाही. टूलच्या गायकाला दम लागत नाही, त्यामुळे ध्रुवपद जिथे चढतं तिथे श्वास घ्यायला जागाच नाही, आणि शेवटी अर्धा सूर वर नेलाय तो तर साठीच्या बॅरिटोनला गाता येणं शक्यच नाही. आता दोन सूर खाली आणतोय, ध्रुवपदात एक शब्द कमी करायचाय म्हणजे श्वास घेता येईल, आणि कुठला शब्द काढायचा यावर त्यांचं आणि आजोबांचं अजून एकमत झालेलं नाही.